रेघ कोणी मारली?

गोरेगावच्या जीपस्टँडवर दोन माणसं भांडायला लागली की तिसरा कोणीतरी हसत म्हणायचा, "सुभेदाराला बोलवा. रेघ कोणी मारली ते इचारंल." भांडण पुढच्या सीटवरून असो, दुकानाच्या पायरीवरून असो, नाहीतर भावकीतलं जुनं असो. सुभेदार खरंच तिथून जात असले तर थांबत. दोघांचंही शेवटपर्यंत ऐकून घेत आणि मग चष्मा वर ढकलून विचारत, "तुमचं बराबर हाये, ह्यांचंबी बराबर हाये. पण पहिली रेघ कोणी मारली?"

पुष्कळदा हे भांडणाऱ्यांनाच ठाऊक नसे. ते आठवायला लागत, आणि आठवण्याच्या नादात त्यांचा आवाज खाली येई. तेवढ्यात जीप भरे आणि सगळे निघून जात.

सुभेदार म्हणजे ग्यानबाराव मस्के. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मूळचे जवळच्याच हिवरदरी गावचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. पेन्शनीत आल्यावर त्यांनी गोरेगावात घर बांधलं होतं, आणि मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला आले तेव्हा त्या घराची पुढची खोली भाड्यानं घ्यायला त्यांच्याकडे गेले. खोली दाखवून झाली. बाईमाणूस एकटी राहणार म्हणून ते काहीबाही चौकशी करतील अशी माझी तयारी होती. त्यांनी एकच विचारलं.

"बाई, गाव कोणतं तुमचं?"

"अमरावतीकडचं."

"म्हंजी इंग्रजी मुलखातल्या."

आतून बांगड्या वाजल्या आणि एक ठसठशीत आवाज आला, "या बाई, या. आपुन दोघी एका राज्याच्या. मले इतकी वर्सं झाली या निजामात एकटीले."

त्या अनुसयाकाकू, सुभेदारांच्या बायको. त्यांचं माहेर लोणवाडी. लोणवाडी आणि हिवरदरी यांच्यामध्ये एक ओढा आहे, इतका लहान की पावसाळा सोडला तर शेळीसुद्धा न भिजता पलीकडे जाते. पण एके काळी ओढ्याच्या अलीकडे निजामाचं राज्य होतं आणि पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातलं वऱ्हाड. आज अलीकडे हिंगोली जिल्हा आणि पलीकडे वाशीम. निजाम गेला, इंग्रज गेला. या घरात मात्र दोघंही सुखानं नांदत होते. भाजीत मीठ कमी पडलं की काकू म्हणत, "तुमच्या निजामात मीठ खात नसतील." काकूंना यायला उशीर झाला की सुभेदार म्हणत, "इंग्रजाचं राज्य गेलं, घड्याळ मात्र ते संगंच घेऊन गेले." मी पहिले काही दिवस हे खरं भांडण समजून खोलीत गुपचूप बसत असे.

त्यांच्या ओसरीवर जगाचा मोठा नकाशा टांगलेला होता. शाळेत असतो तसा, खालची दांडी मोडलेला. सकाळी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, चहाची बशी हातात घेऊन सुभेदार त्याच्यासमोर उभे राहत. टीव्हीवर कुठल्या युद्धाची बातमी आली की आधी तो मुलूख नकाशावर शोधत, आणि मग मला हाक येई.

"बाई, हे पाहा. नदी वाकडी असती. डोंगर वाकडा. मेंढराची वाट तर लई वाकडी. मग ही सरहद्द एवढी सरळ काहून? सरळ रेघ दिसली की समजायचं, मारणारा माणूस तिथला न्हाई. त्यानं टेबलावर बसून मारली."

गाझाच्या बातम्या रोज येऊ लागल्या तेव्हा चहाच्या हॉटेलात पोरांचे दोन तट पडले होते. सुभेदारांनी त्यांना ते प्रकरण एका वाक्यात सांगितलं होतं. "इंग्रजानं एकाच वावराचा इसार दोघांकडून घेतला, अन् ताबा द्यायच्या टायमाला सोता निघून गेला." इसार दिलेली जमीन हातची जाणं म्हणजे काय, हे हॉटेलातल्या प्रत्येकाला कळत होतं.

पण इंग्रजाला शिव्या देऊन मोकळं होणारांनाही ते सोडत नसत. "सगळं पाप त्याच्या डोक्यावर घालू नका," ते म्हणत. "रेघ त्यानं मारली. दगड आपुन फेकला."

बोलताना हातातल्या काठीनं ते धुळीत नकाशा काढत, आणि बोलणं संपलं की पायानं तो सगळा पुसून टाकत. न पुसता उठलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

फौजेतल्या गोष्टी ते फार सांगत नसत. काश्मीर, पंजाब सगळं झालेलं होतं. पण त्याबद्दल विचारलं की "थंडी लई होती" एवढंच म्हणत. सांगत ते सुदानचं. शांतिसेनेच्या तुकडीबरोबर ते तिकडे जाऊन आले होते. तिथं एका चराऊ रानावरून दोन जमातींचं हाडवैर होतं. एक जमात रानातच राहणारी, दुसरी उन्हाळ्यात उत्तरेकडून गुरं घेऊन पाण्याला येणारी. दोघीही गुरांवर जगणाऱ्या. इंग्रजांच्या काळात कोण्या साहेबानं कारभाराला सोयीचं म्हणून ते रान एका प्रांतातून काढलं आणि दुसऱ्यात टाकलं. साहेबाचं काम कागदावर झालं. पुढे इंग्रज गेले, देशाचे दोन तुकडे व्हायची वेळ आली, तेव्हा हे रान कोणाचं, यावर बंदुका निघाल्या.

"तिथं एक म्हातारा होता," सुभेदार सांगत. "उंच, बारीक, हातात काठी. गस्तीला गेलो की झाडाखाली बसलेला. मी एक दिवस आपल्या मेंढराला हाळी देतात तशी हाळी दिली. त्याचा एक बैल वळून माझ्याकडंच आला. म्हातारा असा हसला, असा हसला की बास. तवापासून दोस्ती."

त्या म्हाताऱ्यानं दुभाष्यामार्फत विचारलं, लग्नात तू किती गायी दिल्यास? तिकडे नवरा मुलीच्या बापाला गायी देतो. सुभेदारांनी सांगितलं की आमच्याकडे उलटं असतं, मुलीचा बापच देतो. म्हातारा बराच वेळ विचारात पडला. मग त्यानं हळूच विचारलं, "का? पोरगी आजारी होती?"

ही गोष्ट सांगताना काकू जवळपास आहेत याची सुभेदार खात्री करून घेत. आणि काकूही दर वेळी ठरलेलं उत्तर देत, "त्याले म्हनाव, पोरगी चांगली व्हती. पोरगं फौजेत व्हतं, म्हून बापानं कीव केली."

त्याच म्हाताऱ्यानं त्यांना आणखी एक सांगितलं होतं. रेघ येण्याआधी भांडणं नव्हती असं नाही; पण उन्हाळ्याच्या तोंडाला दोन्हीकडची जुनी माणसं एका झाडाखाली बसत आणि यंदा कोण कधी येणार, कुठल्या पाण्यावर उतरणार ते ठरवत. दर वर्षी नव्यानं. रेघ आल्यावर बसायचं कारण उरलं नाही. जमीन कोणाची ते कागदावर लिहिलेलं होतं.

मी त्यांना एकदा कॉलेजात बोलावलं. मुलांना जगाबद्दल चार शब्द सांगा म्हटलं. त्यांनी भाषण केलंच नाही. एका मुलीच्या डोळ्यांवर रुमाल बांधला, हातात खडू दिला आणि वर्गाच्या फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेघ मारायला सांगितली. रेघ बाकांच्या मधून कशीही गेली. मैत्रिणी इकडे-तिकडे झाल्या. एका मुलाचं दप्तर एका देशात आणि तो दुसऱ्यात. पिण्याच्या पाण्याचा माठ एका बाजूला, पंख्याचं बटण दुसऱ्या बाजूला. सुभेदार म्हणाले, "आता तुमचं तुमी चालवा," आणि खुर्चीवर जाऊन बसले.

थोड्याच वेळात पंखा बंद झाला. मग माठावर पहारा बसला. तास संपायच्या आत एका बाजूनं दुसऱ्या बाजूला "तुमी पहिल्यापासून असलेच" असं म्हणून झालं होतं. सकाळपर्यंत एका डब्यात जेवणाऱ्या मुली होत्या त्या. सुभेदार उठले, ओल्या फडक्यानं रेघ पुसली आणि म्हणाले, "मी एका तासात पुसली. तिकडं पुसायला कोणी थांबलं न्हाई."

दुसऱ्या दिवशीही माठावरून धुसफूस चालूच होती. प्राचार्यांनी मला बोलावून, पुन्हा पाहुणा बोलवायचा तर भाषण करणारा बोलवा, अशी समज दिली. हे मी सुभेदारांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की काकूंना शिरा करायला लावला.

मग तो उन्हाळा आला.

हिवरदरी आणि लोणवाडीमधला ओढा उन्हाळ्यात आटतो. एक डोह तेवढा टिकतो. दोन्ही गावांची मेंढरं, शेळ्या त्याच डोहावर. पूर्वी तो लोणवाडीच्या काठाला होता; पण एका मोठ्या पुरात ओढ्यानं वाट बदलली आणि डोह हिवरदरीच्या बाजूला राहिला. हिवरदरी म्हणे, ओढा हीच सरहद्द, ओढा सरकला की सरहद्द सरकली. लोणवाडी म्हणे, सरहद्द जिथं होती तिथंच आहे, पाणी कुठंही वाहो. मोजणी करायची तर दोन जिल्ह्यांनी मिळून करायची, आणि ते काम लांबत गेलं. पाऊस बरा असला की वाद झाकून जाई. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता.

एक दिवस डोहावर दगड चालले. सुभेदारांचा पुतण्या महादू याचा हात मोडला. लोणवाडीच्या एका पोराला डोक्याला टाके पडले. तो पोरगा काकूंचे भाऊ विठ्ठलमामा यांचा मुलगा. दोन्हीकडून पोलिसांत तक्रारी गेल्या. महादूच्या बहिणीचं, रुखमीचं, लग्न लोणवाडीच्या मुलाशी ठरलं होतं, ते थांबलं. हिवरदरीवाले म्हणाले वरात ओढ्याच्या पलीकडेच ठेवा. लोणवाडीवाले म्हणाले आम्हाला यायचंच नाही. रुखमी आणि तो मुलगा आपापल्या काठावर बसले. या सगळ्यात त्यांना कोणी काही विचारलं नाही.

सुभेदारांनी दोन्ही गावांना माळावरच्या मारुतीच्या पारावर बोलावलं. रविवार होता, मीही काकूंबरोबर गेले होते. त्या दिवशी सुभेदार फार सुंदर बोलले. हिंगोलीला कशी फौजेची छावणी होती, ती नावाला निजामाची आणि हुकूम इंग्रजाचा. तिच्या खर्चापायी निजाम कसा कर्जात अडकला आणि इंग्रजानं वऱ्हाड कसं ताब्यात घेतलं. "म्हंजी आपल्याच हिंगोलीतल्या फौजेपायी आपला ओढा सरहद्द झाला," ते म्हणाले. "त्याच्या आधी हा नुसता ओढा होता. तुमचे-माझे पणजे हितं मेंढरं धूत होते." धुळीत त्यांनी नकाशा काढला. लोक माना डोलवत होते. विठ्ठलमामाही डोलवत होते.

बोलणं संपलं. विठ्ठलमामा उठले आणि म्हणाले, "दाजी, तुमचं बराबर हाये. चूक इंग्रजाचीच. पन डोह आमचाच."

हिवरदरीकडून लगेच आवाज आला, "इंग्रज चुकला हे आमालाबी कबूल. म्हणून डोह सोडायचा का?"

इंग्रजाच्या चुकीबद्दल दोन्ही गावांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि सगळे पुन्हा भांडत घरी गेले.

सुभेदार संध्याकाळी जेवले नाहीत. ओसरीवर नकाशाकडे पाठ करून बसले. मी काहीतरी समजुतीचं बोलले ते त्यांनी ऐकलंही नसावं. काकूंनी ताट झाकून ठेवलं आणि त्यांच्याजवळ येऊन बसल्या. त्यांच्या आवाजात नेहमीची थट्टा नव्हती.

"तुमी लोकाईले दीडशे वर्साचं सांगता. त्याईचं मेंढरू आज तानेलं हाये."

"मग काय सांगू?"

"मले काय मालूम. मी तं उद्या पान्याले जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू खरंच हंडा घेऊन हिवरदरीला गेल्या. मी कॉलेज चुकवून त्यांच्याबरोबर. वाटेत त्यांनी घरोघर हाका मारल्या. लोणवाडीहून हिवरदरीत दिलेल्या बायका तर निम्म्या गावात होत्या. त्या निघाल्या. पलीकडून हिवरदरीच्या लेकी आल्या. निरोप कसा गेला ते मला कळलं नाही, पण बायकांचे निरोप जातात. डोहावर दोन्ही गावांचे बाप्ये काठ्या घेऊन उभे होते, आणि मधोमध या सगळ्या रिकामे हंडे घेऊन.

काकू आपल्या भावासमोर गेल्या.

"दादा, सांग. हंडा कोन्या बाजूनं बुडवू? बापाच्या का नवऱ्याच्या?"

विठ्ठलमामा डोहाकडे पाहू लागले.

"नाई, तू सांग. तू म्हनशीन तसं करतो. माहेरच्या बाजूनं बुडवला तं सासरची चोर, सासरच्या बाजूनं बुडवला तं माहेरची चोर. आमी इतक्या जनी हावो. आमची मोजनी कोनं करावं?"

काठावर एक कोकरू बें बें करत होतं. विठ्ठलमामांनी काठी खाली ठेवली.

तेव्हा आमच्या मागोमाग आलेले सुभेदार पुढे आले. आज त्यांनी इतिहासातलं एक अक्षर काढलं नाही. "डोह वाटू नका," ते म्हणाले. "दिवस वाटा. सकाळी एक गाव, दुपारनंतर दुसरं. मधी डोहाला इसावा."

"सकाळी कोण?" महादूनं विचारलं. त्याचा हात प्लॅस्टरमध्ये होता. सकाळचं पाणी नितळ असतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"गोरेगावच्या बाजाराला पाळी बदलायची. ह्या हप्त्यात सकाळ तुमची, पुढच्या हप्त्यात त्यांची."

"अन् हे कायमचं का?" विठ्ठलमामांनी विचारलं.

"न्हाई," सुभेदार म्हणाले. "फक्त ह्या उन्हाळ्यापुरतं. पुढच्या वर्षी पुन्हा बसू. आपल्या नातवांना पटलं न्हाई तर ते बदलतील. कायमचं ठरवणारे आपुन कोण?"

मला त्या सुदानच्या म्हाताऱ्याची आठवण झाली. ती झाडाखालची बैठक सुभेदारांनी मला कितीतरी वेळा सांगितली होती. आदल्या रात्री उपाशी बसून बहुधा त्यांनी ती पहिल्यांदाच स्वतःला सांगितली असावी.

घासाघीस पुष्कळ झाली. उन्हं कलती होईपर्यंत लोक डोहाच्या काठी बसले होते. पण "कायमचं नाही" या शब्दानं दोघांनाही हरल्यासारखं वाटलं नाही, आणि गाडी पुढे सरकली. तक्रारी मागे घेतल्या गेल्या. रुखमीचं थांबलेलं लग्न मार्गी लागलं, आणि मांडव कोणाच्या दारात यावर पुन्हा वाद होऊ नये म्हणून तो ओढ्याच्या कोरड्या वाळूतच घातला. काकूंनी आपण दोन्हीकडच्या पाहुण्या आहोत असं जाहीर करून दोन्हीकडून लुगडं घेतलं, आणि दोन्ही पंगतींना बसल्या. सुभेदार वाढायला होते. बायकोच्या पानात बुंदी टाकताना ते म्हणाले, "घ्या, इंग्रजांनी काही सोडलंय का कधी?"

सगळंच गोड झालं असं नाही. महादूचा हात थोडा वाकडा राहिला. तो आणि विठ्ठलमामांचा मुलगा अजूनही एकमेकांशी बोलत नाहीत. पण पाळी संपली की महादू आपली मेंढरं वेळेवर हलवतो, आणि तो दुसरा ती हलेपर्यंत माळावर थांबून राहतो. बोलल्याशिवायही हे जमतं.

पुढे माझी कळमनुरीला बदली झाली. सुभेदार आता नाहीत. एका पावसाळ्यात थोड्याशा तापाचं निमित्त झालं. ते गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, बैठकीच्या दिवशी, मी मुद्दाम हिवरदरीला गेले होते. दोन्ही गावची माणसं डोहाजवळच्या करंजाखाली बसली होती. मधोमध सुभेदार खुर्चीत, इस्त्रीचा सदरा घालून, गाढ झोपलेले. त्यांना ऐकूही कमी यायला लागलं होतं. कोणी त्यांना उठवलं नाही. त्यांची झोप मोडू नये म्हणून माणसं दबक्या आवाजात भांडत होती, आणि दबक्या आवाजात फार वेळ भांडता येत नाही. विठ्ठलमामांनी आपली छत्री उघडून त्यांच्यावर धरली होती.

सगळं ठरल्यावर ते जागे झाले. "करा सुरू," म्हणाले.

"झालं दाजी," विठ्ठलमामा त्यांच्या कानाशी म्हणाले. "ठरलं."

"माझ्याबिगर?"

"व्हय."

ते थोडे रुसल्यासारखे झाले, आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

विठ्ठलमामांकडे त्या दिवशी जेवण होतं. मला परतीची जीप गाठायची होती म्हणून मी निघाले. चढावरून मागे पाहिलं तर सुभेदार आणि काकू लोणवाडीकडे निघाले होते. उन्हाळा नुकता लागला होता, म्हणून ओढ्यात डोहाखाली अजून थोडं पाणी होतं, त्यात दगड टाकलेले. काकू पुढे, त्यांच्या हातात सुभेदारांचा हात. बरोबर मधल्या दगडावर दोघं थांबली. कशावरून तरी वाद चालला होता. काकू हातवारे करत होत्या, सुभेदार मान हलवत होते. खाली पाणी वाहत होतं. जीपवाल्यानं हॉर्न दिला तरी मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले. दोघांनाही पलीकडे जायची काही घाई दिसत नव्हती.